आधी धाकट्याला

शिशिर आला आणि शंखगिरीची पाने गळाली. सागाची गळाली, सालईची गळाली, ऐनाची गळाली. कृश फांद्यांतून कृश ऊन खाली झिरपले, आणि रुक्ष, राखाडी, रेखीव असा तो डोंगर गावासमोर उघडा उभा राहिला. पर्णभारात दडलेल्या गुंफा आता पाणवठ्यावरूनही दिसू लागल्या.

पूर्वेच्या कड्यात भिक्षूंचा विहार. पश्चिमेच्या कड्यात निर्ग्रंथ मुनींच्या गुहा. मधे एक ओहोळ, शिशिरात कोरडा. पहाट पूर्वेच्या कड्याला आधी स्पर्श करी, संध्या पश्चिमेच्या कड्यावर अंमळ रेंगाळे. उजेड दोघांच्याही वाट्याला सारखाच येई.

दोन्ही मार्ग दूरच्या एकाच देशातून आलेले. गंगेच्या काठी, मगधाच्या हिरव्या मातीत, दोन क्षत्रियपुत्र आपापले वैभव सोडून हिंडले होते. एकामागे तेवीस पूर्वसूरींची तपोज्ज्वल परंपरा होती. दुसऱ्याने आपली वाट एका पिंपळाखाली एकट्याने शोधली. दोघांनी यज्ञाच्या धुराकडे पाठ फिरवली. दोघांनी पशूच्या मानेवरची सुरी खाली ठेवायला सांगितली. तीच नगरे, तीच आम्रवने, जवळजवळ तीच वर्षे. मग व्यापाऱ्यांच्या तांड्यांमागून, बैलांच्या खुरांची धूळ अंगावर घेत, दोन्ही वाटा दक्षिणेला उतरल्या आणि या डोंगराच्या दोन कुशींत विसावल्या.

गावाला त्यांच्या वादांचे फारसे सोयरसुतक नव्हते. गाव दोघांनाही घास देई. पाणवठ्यावर बायका म्हणत, "एकाजवळ पात्र आहे, एकाजवळ तेही नाही. भूक काय, दोघांनाही लागते."

त्या शिशिरात मात्र पाणवठ्यावर एकच बोलणे होते. पश्चिमेच्या गुहेतला मुनी अग्निल पाच दिवस गावात येत होता, आणि पाच दिवस उपाशी परत जात होता.

अग्निल याच गावचा. विणकराचा मुलगा. त्याच्या पाठोपाठ, त्याच पहाटे, त्याच कुशीतून सोमिल जन्मला होता. थोरला धट्टाकट्टा, धाकटा चिपाडासारखा. दोघांच्या पाठची बहीण वसुला. आई गेली तेव्हा जुळे वीस वर्षांचे होते. चितेसमोर दोघांच्या मनात एकच प्रश्न उभा राहिला: हे दुःख कुठून येते आणि कुठे संपते? प्रश्न एक होता. उत्तरे शोधायला एक पश्चिमेच्या कड्याकडे गेला, एक पूर्वेच्या.

अग्निलने ऐकले की जीव आहे. मातीच्या कणात आहे, पाण्याच्या थेंबात आहे, वाऱ्यात आहे, अग्नीत आहे. जीव मुळात निर्मळ, निरामय, नित्य. पण केलेल्या प्रत्येक कर्माची धूळ त्याला चिकटते आणि तपाच्या तापाशिवाय ती झडत नाही. त्याने वस्त्र सोडले. दिशा पांघरल्या. हातात मोरपिसांचा कुंचा घेतला आणि मुंगीलाही वाट देत तो चालू लागला.

सोमिलने ऐकले की नित्य असे काहीच नाही. दिव्याची ज्योत या क्षणी एक, पुढच्या क्षणी दुसरी. तसाच हा 'मी'. तृष्णेचे तेल आहे तोवर ती जळते, तेल सरले की निवते. देहाचे लाड करू नयेत, देह जाळूही नये. त्याने काषाय चीवर पांघरले, मातीचे पात्र घेतले, आणि पात्रात पडेल ते मध्यान्हापूर्वी निमूट खाऊ लागला.

एकदाच दोघे त्या ओहोळात समोरासमोर आले होते. एकमेकांना समजावायला आले होते, आणि भांडून गेले. "देह वाळवून मुक्ती मिळते का रे?" सोमिल म्हणाला होता. "मग गावातली उपाशी गुरं केव्हाच तरून गेली असती."

अग्निल म्हणाला होता, "तुझ्या मते तू आहेसच कुठं? मग मी भाऊ कुणाला म्हणू?"

मुंगी चुकवून चालणारे ते दोघे. एकमेकांना मात्र त्यांनी चुकवले नाही. मला या गोष्टीतले हेच सर्वांत वाईट वाटते. दुसऱ्या दिवशी अग्निल पायी भ्रमंतीला दूरदेशी निघून गेला. बावीस वर्षे लोटली.

हेमंत सरता सरता तो परतला, अस्थिशेष, तेजःशेष. त्याच्या येण्याची वार्ता कळताच वसुलाने सोमिलला दारात गाठले. सोमिल रोज सकाळी तिच्या दारी येई, पात्र पुढे करी, मान खाली घालून घास घेई.

"भंते," ती म्हणाली, आणि मग तिला ते निभले नाही. "सोमदादा, थोरला काल शेजारच्या गल्लीपर्यंत आला होता. आज ना उद्या इकडं येईल. तू दारात दिसलास तर तो पुढं यायचा नाही."

तिचे खरे होते. निर्ग्रंथांचा तो नियमच होता. दारात दुसरा कोणी भिक्षेकरी उभा असेल तर मुनी पुढे होत नाही. आपल्यामुळे दुसऱ्याचा घास उणा व्हायला नको. तो गेल्यावरच मुनी उंबऱ्याकडे वळतो.

"मग मी येत नाही," सोमिल म्हणाला. "माझी सावलीही नको त्याच्या वाटेत."

त्या दिवसापासून तो खालच्या आळीत भिक्षा मागू लागला. पण त्याआधी, रोज, वळणावरच्या चिंचेच्या खोडाआड तो रिकामे पात्र चीवरात धरून उभा राही. भाऊ जेवला, एवढेच त्याला बघायचे होते.

आणि अग्निल येई. संथ, नतदृष्टी, निर्वस्त्र, निःशब्द. त्याच्या पावलांखाली वाळली पानेही जणू जपून वाजत. वसुला दारात उभी असे, घरच्यासाठी शिजवलेल्या पेजेचे मडके आत चुलीजवळ ठेवून. "नमोस्तु स्वामी, थांबावं, थांबावं."

तो थांबे. तिच्या हातांकडे पाही. मग मागे, रिकाम्या गल्लीकडे पाही. आणि वळून जाई.

त्याने अभिग्रह घेतला आहे हे गावाने ओळखले. मुनी कधी कधी मनाशी असा संकल्प करतात: अमुक दृश्य दिसले तरच आज आहार घेईन, नाहीतर उपास. संकल्प कोणाला सांगायचा नसतो. तो जुळला तर ओंजळीत घास पडतो, न जुळला तर ओंजळ रिकामी राहते. अन्नाबरोबरच पाणीही सुटते, आणि उपासाच्या एका दिवसाचे दोन होतात, दोनाचे पाच होतात.

वसुलाने सुचेल ते सारे केले. एके दिवशी हातात आम्रपल्लवांचा कलश धरला. एके दिवशी कमळ. एके दिवशी उसाचे कांडे, एके दिवशी दूर्वांची जुडी. एके दिवशी केस मोकळे सोडून, डोळ्यांत पाणी घेऊन उभी राहिली, तेच जुळायचे असेल तर जुळो म्हणून. शेजारणी तिला नवनव्या वस्तू आणून देत. तो दरवेळी हातांकडे पाही, मग मागे पाही, आणि जाई.

सहाव्या दिवशी वळणावर त्याचे डोळे सोमिलच्या डोळ्यांना भिडले. सोमिल गडबडीने बाजूला सरला, वाट मोकळी करून देत, आणि चीवराआडचे पात्र क्षणभर उघडे पडले. रिकामे होते. अग्निलने ते पाहिले. त्याचे ओठ हलल्यासारखे झाले. मग तो वसुलाच्या दाराकडे गेलाच नाही. तिथूनच डोंगराकडे परतला, आणि त्या दिवशी त्याचे पाऊल नेहमीपेक्षा जड पडत होते.

सातव्या दिवशी तो आला, ऊन भिंतीवर चढेपर्यंत गल्लीच्या तोंडाशी थांबला, आणि गेला. आठव्या सकाळी आलाच नाही.

वसुला उन्हात उभी. सोमिल चिंचेखाली उभा. गल्ली रिकामी. वाऱ्याने पाने एका कडेची दुसऱ्या कडेला नेली. मग सोमिल डोंगर चढू लागला, आणि बावीस वर्षांनी त्याने तो कोरडा ओहोळ ओलांडला.

गुहेच्या तोंडाशी गवताच्या शय्येवर अग्निल पडला होता. डोळे उघडे. दोन्ही तळवे छातीशी जुळलेले, बोटे ओंजळीसारखी वाकलेली. वृद्ध आचार्य शेजारी बसून मोरपिसांनी हलकेच मुंग्या दूर करीत होते. सोमिलच्या जिभेवर सारा मध्यम मार्ग उभा राहिला होता, देह जाळू नये हा प्रत्येक युक्तिवाद. भावाच्या बरगड्या पाहून त्यातला एकही शब्द बाहेर पडेना.

"सोमिल तूच का?" आचार्यांनी विचारले. "पहाटे त्यानं अन्न, पाणी, चारही आहार सोडले. कायमचे. मग सगळ्या जिवांची क्षमा मागितली. मातीची, पाण्याची, झाडांची, कीटकांची. शेवटी तुझी मागितली, आणि मौन घेतलं. ती तुझ्यापर्यंत पोहोचवणं माझ्याकडे आहे."

"माझी? ओहोळातल्या त्या बोलण्याची?"

"ते नव्हे. पेजेची."

सोमिलला काही उमजेना. मग आचार्यांनी सांगितले. दुष्काळाचे वर्ष होते, जुळे सहा वर्षांचे. आईने मूठभर तांदळाची पेज एका मातीच्या वाडग्यात ओतली आणि थोरल्याच्या हाती दिली. "आधी धाकट्याला दे, मग तू घे." थोरल्याने वाडग्याची कड दोन्ही मुठींनी घट्ट धरली आणि तळ लागेपर्यंत सोडली नाही. धाकटा पडून पाहत राहिला. नंतर कितीतरी दिवस तो तापाने फणफणला होता.

सोमिलला ते आठवतही नव्हते. त्याच्यासाठी ती ज्योत केव्हाच विझली होती. तो भुकेला मुलगा गेला, तो वाडगा फुटला, कोणाकडे काही उरलेच नव्हते. अग्निलसाठी ती धूळ होती. बेचाळीस वर्षांच्या वयातही जीवाला चिकटलेली, कुठल्याच उपासाने न झडलेली.

"परत आल्यावर त्यानं संकल्प केला," आचार्य म्हणाले. "वसुलाच्या दारातून तू भरलं पात्र घेऊन जाताना दिसलास, की मग, त्याच मडक्यातलं उरलेलं त्यानं घ्यायचं. आधी धाकट्यानं, मग आपण. तू रोज त्या दारी जातोस हे त्यानं ऐकलं होतं. संकल्प सुटल्यावर आज पहाटे तो म्हणाला, पहिल्याच दिवशी जुळेल असं वाटलं होतं."

सोमिल रोज तिथेच होता. वीस पावलांवर, खोडाआड, रिकामे पात्र लपवून.

"आता?" त्याने विचारले. "आता घेतलं तर?"

आचार्यांनी मान हलवली. "पहाटेच ते दार मिटलं, बाळ."

सोमिलने सूर्याकडे पाहिले. मध्यान्हाला अजून थोडा अवधी होता. भिक्षूने धावू नये असा नियम आहे. सोमिल धावला. सालईच्या सांगाड्यांतून, ओहोळाच्या गोट्यांवरून, चिंचेखालून, गल्लीतून, थेट त्या दारापर्यंत.

"वसू, वाढ. लवकर. मला वाढ आधी."

"आणि तो?" वसुलाच्या हातातले कमळ खाली पडले. "सोमदादा, तो कुठं आहे?"

"मी जेवलेलं त्याला बघायचं होतं ग. एवढंच होतं. आपण दोघांनी मिळून ते होऊ दिलं नाही."

तिने पेज ओतली. घाईत थोडी चीवरावर सांडली. मडके अर्धे झाले तेव्हा तिने पळी थांबवली. "उरलेली त्याची," ती म्हणाली. "झाकून ठेवते. मी दारातच आहे म्हणावं." सोमिलला तिच्याशी खोटे बोलता येईना आणि खरेही सांगता येईना. तो वळला.

सूर्य माथ्यावर यायला आला होता. गवताच्या शय्येसमोर तो मांडी घालून बसला, भावाच्या डोळ्यांसमोर, आणि पात्र मांडीवर घेतले. त्याने पहिला घास घेतला. अग्निलची नजर पात्राच्या कडेवर खिळली होती. सोमिलने दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. अश्रू पेजेत पडत होते आणि तो ते पेजेबरोबर गिळत होता. ती पेज गोड नव्हती, खारट होती, तरी त्याने एक शीत ठेवले नाही. मग रिकामे पात्र भावाकडे कलते केले, लहान मूल आईला दाखवते तसे.

"जेवलो, दादा," तो म्हणाला. "पोट भरलं."

अग्निलने पाहिले. पात्राचा तळ पाहिला, सोमिलचे ओले ओठ पाहिले. छातीवरची वाकली ओंजळ हलली. एकेक बोट सुटले. करंगळी सुटली, अनामिका सुटली, बेचाळीस वर्षांपैकी छत्तीस वर्षे एका वाडग्याची कड आवळून बसलेली ती दहाही बोटे सावकाश, शांतपणे सुटली. तळवे गवतावर उताणे पडले. आचार्यांचा कुंचा थांबला. मध्यान्ह डोंगरावरून पुढे सरकले.

खाली गल्लीत पाने गळत होती. वसुला दारात उभी होती. मडक्यात अर्धी पेज होती, झाकलेली, थोरल्याच्या वाट्याची. निवत होती, निवत होती, निवली.