एकाच माणसाचा पास

मी पास बोलतोय. सिनेमाच्या तिकिटाशी माझी गल्लत करू नका. तिकीट पैसे टाकले की मिळतं, मी नशिबानं मिळतो! टीव्हीवरचा एक विनोदी कार्यक्रम चित्रीकरणासाठी कोल्हापुरात आला, तेव्हा गुलाबी कागदावर माझा जन्म झाला. अंगावर ठळक छापलं होतं, 'एका व्यक्तीसाठी'. सगळा घोळ त्या ओळीनंच केला.

राधानगरीकडच्या वर्षाराणीनं मोबाइलवर नाव नोंदवलं होतं. सोडतीत ते निघालं, पण पास एकच. आणि तिच्यापेक्षा तिच्या सासूला, चिमणाबाईला, त्या कार्यक्रमाचं वेड जास्त. म्हशीची धारसुद्धा ती जाहिराती लागल्यावरच काढायची. शेवटी दोघी एसटीनं आल्या आणि सभागृहाबाहेरच्या रांगेत त्यांची जुंपली.

"आत्ती, तुमी जावा. मी भाईर थांबतो."

"नाव तुजं निघालंय. तूच जा की!"

"तुमाला हौस हाय."

"आन् तुला न्हाय व्हय? लगीन झाल्यापास्नं कुटं गेलीयास तू?"

मी हिच्या हातातून तिच्या हातात. माझा गुलाबी रंग त्यांच्या बोटांना लागला. एकीनं मला दुसरीच्या मुठीत कोंबलं, दुसरीनं हिसका दिला आणि टर्रर्र! माझे दोन तुकडे झाले.

दारावर सयाजी नावाचा धिप्पाड गडी होता. "मावशी, फाटका पास चालत न्हाय," तो म्हणाला.

वर्षाराणीचे डोळे भरले. चिमणाबाई माझा अर्धा तुकडा पदराला पुसत नुसतीच म्हणाली, "माज्यामुळं झालं गं पोरी."

दोघी पायरीवर बसल्या. तेवढ्यात कार्यक्रमवाल्यांची सोनल नावाची मुलगी धावत बाहेर आली. "बाहेर कुणी आहे का? कॅमेऱ्यात रिकाम्या खुर्च्या दिसतायत!"

सयाजीनं पायरीकडं बोट केलं. "ह्या हायत की. पास फाटलाय, पर माणसं धड हायत."

आत मोबाइल काढून घेतले. मग रिकाम्या रंगमंचाकडं बघून सगळ्यांकडून टाळ्या वाजवून घेतल्या. "अजून कोण आलंच न्हाय, मग टाळ्या कुणाला?" चिमणाबाईनं शेजारणीला विचारलं. त्या टाळ्या नंतर कुठंतरी जोडतात म्हणे. सोनलनं साड्यांवरून नजर फिरवली. चिमणाबाईची हिरवीगार साडी पुढच्या रांगेत गेली. वर्षाराणीची काळी साडी कॅमेऱ्यात दिसत नाही म्हणून ती पार मागं.

कार्यक्रम सुरू झाला. विनोद झाला की सगळे हसायचे आणि चिमणाबाई मान वळवून मागं बघायची. पुन्हा पुन्हा चित्रीकरण थांबलं.

"मावशी, मागं काय बघता? पुढं बघून हसा ना!" सोनल काकुळतीला आली.

"माजी सून मागं बसलीया," चिमणाबाई मोठ्यानं म्हणाली. "ती हसती का न्हाय ते कळल्याबिगर मला हसू कसं यील?"

अख्खं सभागृह खदखदलं. रंगमंचावरचा नट तर पोट धरून खालीच बसला. सोनलनं आपली केशरी ओढणी वर्षाराणीच्या खांद्यावर टाकली आणि तिला सासूशेजारी आणून बसवलं. मग त्या दोघी एकमेकींच्या अंगावर पडून अशा हसल्या, की मी त्यांच्या मुठींत पार चुरगळलो.

कार्यक्रम टीव्हीवर लागला, त्या दिवशी घर शेजारणींनी भरलं. दोघींची तोंडं शेवटपर्यंत दिसली नाहीत. पण एकाएकी गडगडाटी हसू ऐकू आलं.

"आत्ती, तुमचंच!" वर्षाराणी ओरडली.

चिमणाबाईच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हसू माजंच हाय. पर ह्या विनोदाला मी हसलोच न्हवतो!"

आता चिकटपट्टी लावून मला टीव्हीखालच्या काचेच्या कपाटात ठेवलंय. इथून पडदा दिसत नाही. समोर जवळजवळ बसलेल्या त्या दोघींची तोंडं तेवढी दिसतात. पासानं आयुष्यभर दुसऱ्यांना आत सोडायचं, स्वतः मात्र काही बघायचं नाही, असाच आमचा रिवाज. मी तरी रोज बघतो. दिवाळीच्या साफसफाईत मला केरात टाकू नका, एवढंच मागणं.