खळ्यावरचा सिनेमा

गावचे मालगुजार, म्हणजे जमीनदार, उदाराम पटेल यांना दोन गोष्टींचा गर्व होता: मिशीचा आणि आपण सिनेमात असल्याचा. मिशी रोज दिसायची. सिनेमा मात्र गावात कुणीच पाहिला नव्हता, म्हणून त्याची कीर्ती मिशीपेक्षाही लांब गेली होती.

झालं होतं असं. नागझिऱ्याच्या जंगलात शिकारीला आलेला एक गोरा साहेब धानाच्या खळ्यावर सिनेमाचं यंत्र घेऊन आला. उदारामांनी बायकांना मागे पिटाळलं, कोट-फेटा चढवला आणि यंत्रासमोर छाती काढून उभे राहिले. नागपूरच्या फोटोवाल्याने एकदा बजावलं होतं, हललात तर तोंड पुसलं जाईल. त्यामुळे साहेबाने 'चाला, चाला' म्हणून कितीही हात हलवले, तरी हे श्वास रोखून खांबासारखे उभे. साहेब माश्या हाकलतो आहे, असंच त्यांना वाटलं.

पुढे त्यांच्या पत्नी जमुनाबाई तापाने गेल्या. घरात तीन फोटो होते, पण तिन्ही उदारामांचेच. घरंदाज बाईने फोटोवाल्यासमोर बसू नये, हा कायदा त्यांचाच. आता मात्र त्यांना जमुनाबाईंची नथ आठवे, जेवण वाढणारा हात आठवे आणि चेहरा काही केल्या जुळत नसे. या गोष्टीने ते आतून खचले होते. पण मालगुजाराने असलं दुःख सांगावं कुणाला?

अशात दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत गोंदियाच्या भैयाजीने सिनेमाचा तंबू ठोकला. साहेबाची ती जुनी फिल्म त्याच्या हाती लागली होती. उदाराम पहिल्या खुर्चीत बसले. सारा गाव मागे दाटला.

पडद्यावर बैल फिरू लागले, भुसा उडू लागला. आणि ऐन मध्ये मालगुजार, ढिम्म.

"मालक तवा जित्ते होते ना गा?" मागून कुणीतरी विचारलं. तंबू हसला.

तेवढ्यात पडद्यावरच्या मालगुजाराच्या खांद्याआडून जमुनाबाई निघाल्या. पदर खोचलेला, हातात सूप. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, धानाची काडी ओठावर मिशीसारखी धरली, छाती फुगवली आणि नवऱ्यासारख्याच खांब होऊन उभ्या राहिल्या. मग त्यांना हसू आवरेना. हसता हसता त्या पुन्हा त्याच खांद्याआड गेल्या आणि फिल्म संपली.

बायका पदरात तोंड खुपसून हसत होत्या. पुरुष मात्र मालगुजारांच्या फेट्याकडे पाहू लागले. आता भैयाजीचा तंबू उखडणार, याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

"पुन्हा लाव," उदाराम म्हणाले.

भैयाजीने लावली. ते पुन्हा लाव म्हणाले. इतकी वर्षं संसार केला, पण बायको अशी मोकळी हसते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांच्यासमोर ती कधी हसलीच नव्हती. तिसऱ्या वेळी तर ते खुर्चीत डावीकडे कलले, उजवीकडे कलले, मान लांब करून पडद्यावरच्या त्या खांद्यापलीकडे पाहू लागले. आता कुणी हसत नव्हतं.

शेवटी ते उठून भैयाजीजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "त्या मंधातल्या माणसाले जराक बाजूले सरकव ना. मांगची बाई दिसून नाही रायली."

भैयाजी गोंधळला. "मालक, वो तो आप ही हो."

"मालूम हाय मले," उदाराम म्हणाले. "सरकव त्याले."