खालून येणारा वारा

या मायबाप, असे जवळ सरका. वाऱ्याची गोष्ट आहे. लांब बसलात तर अर्धी तोच घेऊन जाईल.

टेकडीच्या ऐन कड्यावर एक पवनचक्की होती. पठारावरच्या तिच्या बहिणी भरभरून वीज देत, ही मात्र कायम मागे. वारा मोजायच्या खांबावरच्या वाट्या तर गरगर फिरून सांगत, की सगळ्यात जोराचा वारा इथंच! मग वीज मुरते कुठं? साहेबांचं एकच पालुपद, "पाती मळलीत. धुवा."

धुणारा कोण, तर तिथल्या इंजिनियरबाईंचा सख्खा दीर. दोराला लोंबकळून पाती पुसायचा. हुकूम मात्र वहिनीच्याच तोंडून जायचा, आणि तेच तिला डाचायचं. मागच्या खेपेला वाऱ्याच्या झोतानं त्याला चक्कीच्या खांबावर आपटलं. खांदा अजून धड वर होत नव्हता.

"वहिनी, इतकं तर मी घरचं ताटही कधी घासलं नाही."

"ते ठाऊक आहे, भावजी. ताटं मीच घासते."

एका दुपारी वैतागून तिनं कड्यावरून मूठभर वाळकं गवत भिरकावलं. ते सरळ मागे न जाता डोक्यावरून वर चढलं. तिला लख्ख कळलं. वारा चढावरून तिरका वर येतोय. आणि पाती खांबाला लागू नयेत म्हणून यंत्राचं तोंड आधीच जरा आभाळाकडे. दोघांची समोरासमोर गाठच नाही! वाट्यांचं काय, तिरक्या वाऱ्यानंही त्या फिरतात.

तिनं साहेबांना कड्यावर आणून गवत उडवून दाखवलं.

"मग तोंड खाली करा की!"

"साहेब, यंत्राची मान डावी-उजवी वळते. खाली वाकत नाही."

"मग उपाय?"

"जागाच चुकली. एवढीच वीज मिळणार."

साहेबांनी डोळ्यांतलं गवत काढलं. "हे मी वरच्या साहेबांना कुठल्या तोंडानं सांगू? त्यापेक्षा एकदा धुऊन बघू."

पालथ्या घड्यावर पाणी! दीर पट्टा बांधू लागला. तशी ती दोरांच्या पिशवीवर फतकल मारून बसली.

"वहिनी, उठा ना. नोकरी जाईल."

"जाऊ दे. माझ्या हुकमानं आता कुणी वर चढणार नाही."

साहेब पाय आपटत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाहेरून एक माणूस आणला. तिनं त्याला परोपरीनं विनवलं. तो ओशाळं हसला, "ताई, तुमचं खरं असेल. पण मला धुवायला बोलावलंय." आणि चढला. झोतात हेलकावे खात त्यानं पाती आरशासारखी केली. तो सुखरूप उतरेपर्यंत हिच्या जिवात जीव नव्हता.

चक्की सुरू झाली. वीज होती तेवढीच.

साहेब म्हणाले, "पुढच्या महिन्यात पुन्हा धुऊ."

दीर घरी सुखरूप आहे, मायबाप. पण देवापुढं हात जोडाल तेव्हा त्या दुसऱ्याची आठवण ठेवा. त्याचं नाव कुणी विचारलंच नाही.