खालचं हाड वर

माझी ब्रिकेना जन्मली ती दुभंगलेला ओठ घेऊनच. ओठ तान्हेपणीच शिवला, पण वरच्या हिरडीत फट राहिली. ती दहा वर्षांची झाली तेव्हा तिरानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता कमरेच्या हाडातला थोडा गर काढून त्या फटीत भरू."

"माझ्या कमरेतला घ्या की," मी म्हणालो. "मी गवंडी माणूस, हाडं दणकट आहेत."

त्या हसल्या. "तिला तिचंच लागतं, पेत्रित."

ऑपरेशननंतर तोंड सुजलं, पण खरं दुखणं कमरेचं. उजवीकडे, जिथे पट्टा बसतो तिथेच, बोटभर चीर होती. दुसऱ्याच दिवशी नर्सने तिला उभं केलं. पोरीने माझं मनगट आवळलं, रडली, आणि रडतरडतच चार पावलं चालली.

चौथ्या दिवशी बसने आमच्या डोंगरउतारावरच्या गावी, जिरोकास्तरला परतलो. थांब्यापासून आमच्या घरापर्यंत दगडी चढ, एकशे बारा पायऱ्या. आयुष्यभर मी त्याच वाटेने दगड वाहिलेत. तिला उचलायला वाकलो.

"बाबा, हात लावू नकोस. मी येते."

माझी बायको झमीरा हळूच म्हणाली, "चढू दे तिला."

चढताना आधी चांगला पाय, मग दुखरा, हे नर्सने शिकवलेलं. डावा, उजवा. डावा, उजवा. इलॅस्टिक जखमेला घासू नये म्हणून तिने आईचा ढगळ स्कर्ट घातला होता, तो एका हाताने सावरत ती चढत होती.

वाटेत आपल्या दारात कॉफी पीत बसलेला म्हातारा थोमा ओरडला, "काय रे पेत्रित, ऑपरेशन तोंडाचं आणि पोरगी लंगडते? डॉक्टरला वर-खाली कळत नाही का?"

"थोमाकाका, खालचं हाड वर नेलंय," ब्रिकेना सुजल्या ओठांनी म्हणाली. "तुमच्या तोंडात दोन दात उरले असते तर तुम्हालाही कळलं असतं."

थोमाला हसताहसता ठसका लागला.

निम्म्यावर ती कठड्यावर टेकली. चेहरा पांढराफटक. मी दोन पायऱ्या खाली थांबलो. थोड्या वेळाने आपणहून उठली. घर गाठायला अर्धा तास लागला. मी मागून रिकाम्या हातांनी चालत होतो, आणि मी बांधलेल्या एकाही घराचा मला इतका अभिमान वाटला नव्हता.

पुढे दही आणि पातळ सूप. दोन आठवडे लंगडली, दीड महिना पळणं बंद. तीन महिन्यांनी एक्स-रे पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हाडाने छान जीव धरलाय." वर्षभरात त्या जागी सुळा डोकावू लागला.

परवा खालच्या आळीतली एक आई आपल्या लेकीला घेऊन आली. तिचंही हेच ऑपरेशन ठरलंय. मी अंगणात दगड घडवत होतो. ब्रिकेनाने त्या मुलीला शेजारी बसवून घेतलं.

"तोंडाचं काही नाही गं, कंबर दुखते," ती सांगत होती. "दुसऱ्या दिवशी उभं करतील. रडू आलं तर खुशाल रड. पण चाल."