बुधवारी पाचच्या आत

"विमानाने ये असं मी म्हणत नाही," वीत्स्के फोनवर म्हणाली. "तू बसणार नाहीस ते मला ठाऊक आहे. पण बुधवारी संध्याकाळी पाचला मला दवाखान्यात भरती करणार. त्याच्या आत पोचणार असलीस तर ये. नाहीतर उगाच हेलपाटा घालू नकोस."

वीत्स्के माझी धाकटी बहीण. लग्न करून आयर्लंडला गेली त्याला तीस वर्षं झाली. डोक्यात गाठ निघाली होती आणि ती काढताना बोलणं जाऊ शकतं, असं डॉक्टरांनी तिला तोंडावर सांगितलं होतं. म्हणजे जे काही बोलायचं ते बुधवारी पाचच्या आत. आणि आमचं तर दोन वर्षांचं बोलायचं राहिलेलं.

आई शेवटी तिच्याकडेच असायची. ती गेल्याचा फोन आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे आगगाडी आणि बोट धरली. आमच्याकडे हॉलंडात माणूस गेल्यावर पुरायला पाच-सहा दिवस सहज लागतात. पत्रं छापायची, दफनभूमीची वेळ ठरवायची, सगळं सावकाश. तिकडे तिसऱ्या दिवशी माती देऊन मोकळे होतात, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही आणि मी कुणाला विचारलंही नाही. चौथ्या दिवशी पोचले. वीत्स्के दारात उभी होती. म्हणाली, "विमानाला दीड तास लागतो, हिस्के." त्यानंतर वाढदिवसाच्या कार्डांपलीकडे काही नाही.

मग या वेळी तरी बसायचं होतं विमानात, असं तुम्ही म्हणाल. शेजारची आल्तेही तेच म्हणाली, "अगं, एकदा बसलीस म्हणून समुद्र काही घरात येत नाही." तिला काय जातंय बोलायला. मी हार्लिंगेनच्या बंधाऱ्यावर एकतीस वर्षं समुद्राच्या पाण्याची पातळी मोजली. खूण वर सरकताना माझ्या डोळ्यांनी पाहिली आणि बारा वर्षांपूर्वी शपथ घेतली, हवा तापवणाऱ्या विमानात पुन्हा पाय ठेवायचा नाही. पण खरं सांगू का, शपथ हे निम्मंच कारण होतं. आज विमानात बसले असते, तर आईच्या वेळी का नाही बसलीस, याला माझ्याकडे उत्तर उरलं नसतं.

सोमवारी निघाले, पॅरिसला मुक्काम केला. मंगळवारी दुपारी शेरबुर्ग बंदराची गाडी पकडली. तिथून आयर्लंडची बोट पाचला सुटणार आणि पायी जाणाऱ्यांनी चारच्या आत हजर व्हायचं. वाटेत रुळांवर गाई आल्या. नुसत्या आल्या नाहीत, बसल्या. दीड तास आम्ही डब्यातून त्यांच्याकडे बघत बसलो.

बंदरावर तिकिटाच्या खिडकीशी पोचले तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. बोट समोर उभी, धूर सोडत.

"बंद झालं, मॅडम," खिडकीतली बाई म्हणाली. "पुढची गुरुवारी."

"गुरुवारी जाऊन मला काय करायचंय? माझी बहीण आजारी आहे."

ती वाईट नव्हती. तिने खाली बघितलं, वर बघितलं. "रात्री आठ वाजता एक मालवाहू बोट आहे. पण त्यात चालत आलेल्यांना घेत नाहीत. काहीतरी चाकांचं वाहन लागतं."

मी माझी बॅग पुढे ओढली. "हिला चार चाकं आहेत."

"बॅगेत बसून जाणार आहात का?" ती म्हणाली. मग जरा दबक्या आवाजात, "सायकल चालते."

ऐकून हसावं की रडावं कळेना. मी हॉलंडातल्या फ्रिसलंडची बाई, चालायच्या आधी सायकलवर बसलेली. पण गेल्या वर्षी गुडघा बदलला आणि तेव्हापासून सायकलला पाय लावला नव्हता. डॉक्टर चालव म्हणाले होते. भीती माझीच होती.

स्टेशनमागे गाएतान नावाच्या म्हाताऱ्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. विकाऊ एकच होती, पुरुषांची, दांडीवाली. मागचा ब्रेक नावालाच.

"ही सायकल आहे की शिक्षा?" मी म्हटलं.

"तुमच्या देशात न्या, संग्रहालयात ठेवा," तो म्हणाला आणि माझी बॅग मागे दोरीने करकचून बांधू लागला. गाठ दोनदा तपासली. वर म्हणाला, "पडलात तर बॅगेवर पडा."

बोटीच्या उतारावर मला ट्रकांच्या मधोमध उभं केलं. पुढे डुकरांचा ट्रक, मागे दुधाचा टँकर. मनात एकच, की इथे पडले तर सगळ्यांसमोर उचलून परत खाली ठेवतील. पडले नाही.

बोटीवर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी वारा उठला आणि वेग कमी केल्याचं सांगितलं. एकला पोचायचं ते तीन, मग पावणेचार. फोन करावासा दहा वेळा वाटला. पण फोनवर "मला माहीतच होतं" एवढं ऐकायची माझी ताकद नव्हती. एवढंसं वाक्य ऐकून मी परत फिरले असते.

ट्रक उतरले, टँकर उतरला, सगळ्यात शेवटी मी. चार वाजून दहा मिनिटं. बस डोळ्यांदेखत गेली. टॅक्सी एकही नाही. तिचं घर अकरा किलोमीटरवर.

चढले सायकलवर. दुसरं करणार काय? समोरून वारा, गुडघ्यात ठणका, आणि दर दोन मिनिटांनी मनगटाकडे बघणं. साडेचार. चार पन्नास. एका चढावर उतरून ढकलत नेली आणि मोठ्याने रडले, कुणी बघायला नव्हतंच. पाच वाजले तेव्हा चर्च दिसलं होतं, घर नाही. तरी थांबले नाही. रिकाम्या घराचं दार तरी बघायचं होतं मला.

पाच वीसला फाटकात शिरले. ब्रेक लागला नाही, कुंपणावर जाऊन थांबले.

वीत्स्के स्वयंपाकघराच्या दारात आली. अंगात ॲप्रन, हातात बटाटे सोलायची सुरी.

"तू... गेली नाहीस?" मी म्हटलं. "पाच वाजून गेले."

ती सायकलकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. "शुक्रवारी आहे भरती," ती म्हणाली. "तुला बुधवार सांगितला. दोन दिवस जास्तीचे धरून."

माझं डोकंच फिरलं. "अगं, मी डुकरांच्या मागून आलेय. रात्रभर जिवाला घोर. सत्तरीला टेकले मी, वीत्स्के, हा गुडघा बघ."

"बघतेय," ती म्हणाली. सुरी तिने खिडकीत ठेवली. "आईच्या मातीला तुझ्यासाठी असे दोन दिवस जास्तीचे धरता आले नाहीत मला. खूप वाटलं होतं धरावेत."

मी काहीतरी बोलणार होते, वाटभर जुळवून आणलं होतं. तिने दंडाला धरून मला आत नेलं, खुर्चीत बसवलं, पाय उचलून दुसऱ्या खुर्चीवर ठेवला.

"बोल आता," ती म्हणाली.

"तू बोल," मी म्हटलं. "मला ऐकायचंय."