पक्ष आधी कोणाचा

एक्केचाळीस बायकांची उत्तरं त्यांच्या नवऱ्यांच्या उत्तरांशी तंतोतंत जुळत होती. मतदार एखाद्या पक्षाला ‘आपला’ कसा मानू लागतो, हा माझ्या प्रबंधाचा विषय. त्यातलं बायकांवरचं प्रकरण याच एक्केचाळीस फॉर्मांवर उभं होतं. माझ्या मार्गदर्शक सरांनी ते चाळले आणि म्हणाले, या बायका बोलल्याच नाहीत, नवरे बोललेत. प्रकरण गाळा.

चूक माझीच. प्रत्येकाला एकटं गाठून विचारायचं, हा साधा नियम. पण तेव्हा मला सातवा महिना होता, जिने चढवत नव्हते. दारात जो भेटेल त्याच्याकडून दोघांचीही उत्तरं लिहून घेतली होती.

आता ती पोटातली बया सहा महिन्यांची झाली होती. सरांकडून शुक्रवारपर्यंतची मुदत मागून घेतली, लेकीला काखोटीला मारलं आणि यादीतल्या पहिल्या घरी, शिंपीकाकांकडे पोचले.

काका मशीनवरून हललेच नाहीत. आमच्या घरात एकच पक्ष, लिहून टाका, म्हणाले. काकूंशी एकटीशी बोलायचंय म्हटल्यावर, पंचवीस वर्षांत आपल्यालाच बोलायची पाळी आली नाही, तुम्हाला मिळते का बघा, अशी कोपरखळी. काकू काजं करता करता नुसत्या हसल्या.

तेवढ्यात लेकीनं भोकाड पसरलं. तिला थोपटू की कागद सांभाळू! शेवटी काकाच उठले, रिकाम्या रिळांची माळ तिच्यापुढे खुळखुळवली आणि तिला खांद्यावर टाकून गॅलरीत गेले.

मी दार लोटून विचारलं. काकूंनी त्याच पक्षाचं नाव घेतलं. माझा चेहरा पडला असावा.

“नवऱ्याचं ऐकून सांगतेय, असं वाटलं ना? अगं, हा पक्ष माझ्या माहेरचा. वडील सभेच्या खुर्च्या मांडायचे, मी मागे मागे. लग्नात हे दुसऱ्या पक्षाचे होते. चार निवडणुका डोकं खाल्लं, तेव्हा कुठे वळले. आता जन्मापासूनचे असल्यासारखे सांगत सुटतात. सांगू देत बापडे.”

नवरा-बायकोचं उत्तर एक, म्हणजे ते नवऱ्याकडूनच आलेलं, हे सरांनी धरलं होतं आणि मीही. फॉर्मच्या तळाशी हातानं एक प्रश्न वाढवला: हा पक्ष या घरात आधी कोणाचा?

तिथूनच सरांना फोन लावला. काकूंचं उत्तर वाचून दाखवलं. सर म्हणाले, हे मीही कधी कोणाला विचारलं नाही. शुक्रवार सोडा, महिना घ्या. पण एक्केचाळीसही घरं पुन्हा, आणि एकेकटीला.

काकूंना सांगितलं, तर त्यांनी सुई टोचून ठेवली आणि माझी यादी ओढून घेतली.

“बेकरीवाली आहे ना यात? तिच्याकडे आत्ताच जा. तिचा नवरा पहाटेचा उठलेला असतो, या वेळी ढाराढूर झोपतो. आणि पोर राहू दे इथेच.”

गॅलरीत लेक काकांच्या गळ्यातली मोजपट्टी चघळत होती. तिनं माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी जिना उतरले.