पायाळू चेअरमन

आमच्या सासूबाईंना सगळं गाव नुसतं 'बाई' म्हणायचं. सत्यभामा हे नाव सरकारी कागदापुरतं. आष्टी तालुक्यातल्या आमच्या गावात त्या नर्स म्हणून आल्या तेव्हा दवाखाना म्हणजे देवळामागची एक खोली होती. निवृत्त झाल्या तोवर गावातली दोन पिढ्यांची माणसं त्यांच्या हातून जन्मली होती. त्यामुळे त्यांना गावात कुणाची भीती म्हणून नव्हती. मोठ्यातला मोठा माणूस मिशीला पीळ देत समोर उभा राहिला की त्या शांतपणे म्हणायच्या, "तुला मी नाळेसकट बघितलाय." पुढचं बोलणं मग तो माणूस जरा खालच्या आवाजात करायचा.

घरातही त्यांचंच राज्य. तीन मुलगे, तीन सुना, नातवंडं, सगळे एका चुलीवर. कुणी वेगळं निघायची भाषा केली की बाई स्वतःची नाडी स्वतःच धरायच्या आणि "लई मंद चाललीय" असं जाहीर करायच्या. विषय बदलला की नाडी सुधारायची. हे सोंग आहे हे मला लग्नानंतर वर्षभरात कळलं. मला कळलंय हे त्यांनाही कळलं, आणि तेव्हापासून आमचं सासू-सुनेचं चांगलं जमलं.

बारा-तेराच्या दुष्काळात मात्र नाडीचा इलाज चालेना. टँकर यायचा तो माणसांपुरता, तोही भांडणं लावून जायचा. म्हशींना काय पाजायचं? आमचं घर दुधावर चालत होतं. शेवटी माझ्या यजमानांनी, त्रिंबकरावांनी, सगळ्यांना बसवून निकाल सांगितला. म्हशी आष्टीच्या बाजारात विकायला काढायच्या. धाकट्याने येत्या हंगामात कोयता घेऊन ऊसतोडीला जायचं, मधल्याने परळीला सासऱ्याच्या दुकानात, आणि आम्ही पुण्याला. बाईंचा हात मनगटाकडे जायला लागला तसे हे म्हणाले, "आई, नाडी राहू दे. म्हशीची नाडी बघ."

बाईंनी मनगट सोडलं. उठून गोठ्यात जाऊन बसल्या. त्यांना गप्प बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. भाकरी थापता थापता मी रडून घेतलं.

त्याच सुमाराला दूध सोसायटीने सभासदांच्या जनावरांसाठी एक बोअर पाडायचं ठरवलं. सोसायटीची खोली आमच्या गोठ्याला लागूनच, मोठ्या कडुलिंबाखाली. बोअर तिथेच पाडलं तर गावच्या म्हशी तगणार होत्या, आमचंही घर मोडणार नव्हतं. पण चेअरमन अर्जुनरावांची मोसंबीची बाग ओढ्यापलीकडे वाळत होती. बोअर माझ्या बागेत पाडा असं उघड म्हणायला माणूस लाजतो. म्हणून त्यांनी बैठकीत सांगितलं की जागा पायाळू ठरवेल.

पायाळू म्हणजे आईच्या पोटातून पायाकडून आलेला माणूस. त्याला जमिनीतलं पाणी कळतं अशी आमच्याकडे समजूत. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून अनवाणी चालतो, आणि नारळ जिथे उभा राहील तिथे बोअर घेतात. अर्जुनरावांनी लगेच आपला पुतण्या शहादेव पुढे केला. हा पायाळू आहे म्हणाले. शहादेव मान खाली घालून उभा होता. त्याचा नारळ कुठे उभा राहणार हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. पण चेअरमनसमोर बोलणार कोण?

तरी बाळंतपण करणारीची साक्ष लागतेच. म्हणून बाईंना बोलावणं आलं. मी हात धरून त्यांना घेऊन गेले.

बाईंनी चष्मा वर करून शहादेवला न्याहाळलं. "ह्यो डोक्याकडून आलता," त्या म्हणाल्या. "अन् आल्याबरुबर माझ्या साडीवर मुतला."

लोक हसले. चेअरमनचा चेहरा पडला. बाईंनी पदर सावरला आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "पायाळू तू हायस, अर्जुना. पायाळूवर वीज पडती म्हून तुज्या माईनं कुणाला सांगू दिलं न्हाई. आता ती बिचारी गेली. गाव तहानलंय, मग मी तरी काहून लपवू?"

सगळी बैठक चेअरमनकडे बघायला लागली. अर्जुनरावांनी आयुष्यात बऱ्याच माळा गळ्यात घालून घेतल्या होत्या, पण अंगातच काहीतरी आहे असा मान पहिल्यांदाच मिळत होता. त्यांची छाती हळूहळू पुढे आली. लहानपणापासून पाण्याजवळ गेलं की तळपाय झिणझिणायचे, असंही त्यांना तिथल्या तिथे आठवलं.

एवढं गळी उतरल्यावर बाईंनी म्हाताऱ्या बबनरावांकडे भोळा चेहरा करून पाहिलं. पायाळूच्या स्वतःच्या रानाबद्दल आपल्यात काय मानतात, असं त्यांनी विचारलं. बबनरावांना रीतभात सांगायला कुणी विचारलं की फार बरं वाटायचं. पायाळूला आपल्या रानातलं पाणी दिसत नाही, तिथे त्याने नारळ धरायचाच नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. चेअरमननी बागेचं नाव काढायला तोंड उघडलं. पण मान तर मिळून चुकला होता, आणि तो भर बैठकीत परत कसा करणार?

दुसऱ्या दिवशी चालायचं ठरलं. वेळही बाईंनीच काढली, भर दुपारची. ऊन डोक्यावर आल्याशिवाय पायाळूला कळत नाही म्हणाल्या. असं कुठे असतं हे मला माहीत नव्हतं, पण मी मुंडी हलवली. गावाच्या पार त्या टोकापासून सुरुवात केली. सगळं रान उघडंबोडकं, झाड म्हणून नाही. पुढे अर्जुनराव, अनवाणी, वजनदार, हातावर नारळ. मागे बाई छत्री धरून, आणि मी साखर-मिठाचं पाणी घेऊन. त्यांच्या मागे गाव.

तळपाय भाजून चेअरमन उड्या मारतच चालले होते म्हणा ना. वाटेत कुठे सावली नव्हती. पहिली सावली होती ती आमच्या गोठ्यालगतच्या लिंबाची. ते झाड दिसल्याबरोबर चेअरमन नाकासमोर निघाले, ते थेट सावलीत जाऊन उभे राहिले. हात इतका भरून आला होता की तळवा कलला, आणि नारळ उभा राहिला.

"हिथं हाय," बाई म्हणाल्या.

बोअरची गाडी आली. बराच वेळ नुसता पांढरा फुफाटा उडत राहिला. लोक उठून जायला लागले. त्रिंबकराव म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. बाईंनी न बघताच माझा हात ओढून आपल्या मनगटावर ठेवला. त्या दिवशी मात्र नाडीत सोंग नव्हतं, ती नुसती पळत होती. मग फुफाटा ओला झाला, चिखल उडाला, आणि मागून पाणी आलं. फार नव्हतं, पण म्हशींना पुरणार होतं. ह्यांनी तिथेच चिखलात बसून आईचे पाय धरले. बाई म्हणाल्या, आधी म्हशी सोड.

आमचं घर राहिलं. चेअरमनचं तर भाग्यच उजळलं. आजूबाजूच्या गावांतून त्यांना नारळासकट न्यायला जीपगाड्या यायला लागल्या. मोसंबी वाळली, पण त्याचं दुःख करायला त्यांना सवड नव्हती. आभाळ गडगडलं की मात्र ते गाडीतून उतरत नसत.

एकदा बाईंचे पाय चेपताना मी विचारलं, अर्जुनराव खरंच पायाळू का? बाई दारावर नजर टाकून म्हणाल्या, "मला काय ठाव? मी गावात आले तवा अर्जुना चिंचंखाली नागडा पळत हुता."

म्हणजे अर्जुनरावांचा जन्म बाईंनी बघितलाच नव्हता. शाळेत घालताना मास्तर सगळ्यांना एक जून लावायचे आणि वय कमी करायचे, त्यामुळे आपण नेमके कधी जन्मलो हे त्या पिढीत कुणालाच धड माहीत नाही. त्यात 'आमी सगळे बाईच्या हातचे' म्हणायची गावाला इतकी सवय, की बाईंच्या आधीही गावात पोरं जन्मत होती हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पाणी लागलं नसतं तर, असं मी विचारलं.

"तर लोकांनी अर्जुनाच्या नावानं बोटं मोडली असती," त्या म्हणाल्या. मग पाय जवळ ओढून घेत म्हणाल्या, "पर मी त्या दिशी लई घाबरलते, वत्सला. पोरं गेली असती तर मी कुणासाठी जगले असते?"

गेल्या साली बाई गेल्या, भरल्या घरातून. तेराव्याला चेअरमन हार घेऊन आले. दोन शब्द बोलायला उभे राहिले आणि हुंदके द्यायला लागले. म्हणाले, "मी पायाकडून आलो हुतो. ह्या माउलीनं मला जगात आणलं." मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. माझे खांदे हलायला लागले तशा बायका पाठीवरून हात फिरवायला लागल्या, रड गं माय, रडून घे म्हणाल्या. हसू कसंबसं दाबत मी सवयीने बाईंच्या खाटेकडे पाहिलं. खाट उभी करून भिंतीला लावलेली होती. मग मात्र त्या बायकांना मला आवरता आलं नाही.